आधी एक वाक्य, मग दोन: प्रौढांच्या इंग्रजी वर्गाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रौढांना इंग्रजी शिकवणाऱ्या वाचकांकडून मागच्या अंकात वाक्यरचनेविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत, कारण यातलं बहुतेक काम आधी तोंडी करायचं आहे.

प्रश्न : आमच्या बचत गटातल्या १२ जणींसाठी मी आठवड्यातून दोनदा दीड-दीड तासाचा वर्ग घेते. बहुतेकींचं शिक्षण सातवी ते दहावी. शब्द बरेच येतात, पण वाक्य जुळत नाही. सुरुवात कुठून करू? — एक वाचक, बार्शी

उत्तर : शब्द येतात आणि वाक्य जुळत नाही, याचं पहिलं कारण म्हणजे क्रम. शिकणारी मराठीच्या क्रमाने इंग्रजी शब्द मांडत जाते आणि क्रियापदापर्यंत पोचता पोचता अडते. म्हणून पहिले दोन वर्ग फक्त क्रमाला द्या. काळ, वचन, ‘अ’ आणि ‘द’ यांतलं काहीही त्या दोन वर्गांत दुरुस्त करू नका.

एक वाक्य घ्या : मी – रोज – बाजारात – भाजी – विकते. पाच जाड पुठ्ठे, प्रत्येकावर एक तुकडा, अक्षर निदान दोन बोटं उंच. मागच्या रांगेतल्या साठीच्या बाईला चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे. पाच जणी पुठ्ठे धरून ओळीत उभ्या राहतात. आता इंग्रजी : “आय – सेल – व्हेजिटेबल्स – इन द मार्केट – एव्हरी डे.” पहिली बाई, म्हणजे ‘मी’, जागची हलत नाही. बाकीच्या चौघींचा क्रम नेमका उलटा होतो : जी शेवटी होती ती दुसरी येते, जी दुसरी होती ती शेवटी जाते. हे एकदा चालून बघितलं की फळ्यावरच्या तासाभराच्या स्पष्टीकरणापेक्षा जास्त लक्षात राहतं. मग ‘बाजारात’चा पुठ्ठा मधोमध दुमडून दाखवा. मराठीत ‘बाजार’ आधी आणि ‘आत’ नंतर. इंग्रजीत ‘इन’ आधी, ‘मार्केट’ नंतर. म्हणजे तुकड्याच्या पोटातही क्रम उलटाच.

या क्रमाला अपवाद आहेत. ‘एव्हरी डे’ वाक्याच्या सुरुवातीलाही चालतं. ‘ऑल्वेज’, ‘नेव्हर’ यांसारखे शब्द क्रियापदाच्या आधी बसतात. पहिल्या महिन्यात त्यांच्या वाटेला जाऊ नका.

क्रियापदं थोडी घ्या आणि ती त्यांच्या कामातली घ्या : सेल, बाय, मेक, कुक, क्लीन, गिव्ह, टेक, गो, कम, पे. दहा पुरेत. प्रत्येकीने आपल्या दिवसातली सहा खरी वाक्यं बोलायची. ‘राम आंबा खातो’ छापाची वाक्यं प्रौढांच्या वर्गात नकोत. खोटं वाक्य पाठ होतं, पण ते घरी कोणी वापरत नाही.

दुसरी अडचण मराठीत कर्ता गाळता येतो याची. “उद्या येते”, “दिले पैसे”, “नाही जमणार” ही आपली पूर्ण वाक्यं आहेत, कारण कोण बोलतंय ते बऱ्याचदा क्रियापदाच्या रूपावरून किंवा संदर्भातून कळतं. इंग्रजी क्रियापदाला ते काम जमत नाही, म्हणून कर्ता तोंडाने उच्चारावाच लागतो. “टुमॉरो कम” असं ऐकू आलं की “कोण?” एवढंच विचारा. आज्ञा सोडली तर कर्त्यावाचून वाक्य सुरू होऊ द्यायचं नाही, हा वर्गाचा पहिला नियम करा.

मराठीत ज्यांना मुळात कर्ता शोधूनही सापडत नाही, अशी वाक्यं वेगळी पाठ करून घ्या : उशीर झाला, पाच वाजले, लांब आहे, गरम होतंय. इंग्रजीत या चारही ठिकाणी “इट इज”. पाऊस पडतोय म्हणजे “इट इज रेनिंग”. त्यांच्याच शेजारी ‘मला’ची वाक्यं भिंतीवर लावा : मला भूक लागली, मला ताप आहे, मला माहीत नाही, मला आवडतं, मला पाहिजे. इंग्रजीत या पाचही ठिकाणी ‘मला’ जातो आणि ‘आय’ येतो : “आय ॲम हंग्री, आय हॅव अ फीवर, आय डोंट नो, आय लाइक इट, आय वाँट इट.” हा तक्ता दोन महिने काढू नका.

तुमच्या वेळापत्रकात साधं वाक्य तोंडात बसायला सहा ते आठ आठवडे धरून चला. दहावी झालेल्या लवकर पुढे जातील असं वाटतं, पण तसं होतंच असं नाही. परीक्षेतल्या ‘डू ॲज डायरेक्टेड’ (सूचनेप्रमाणे वाक्य बदला) या प्रश्नात ‘फार’ या अर्थाचा ‘टू’ काढून वाक्य बदलायचा सराव त्यांनी शाळेत केलेला असतो, स्वतःचं वाक्य उभं करायचा नसतो.

प्रश्न : माझ्या वर्गात सगळेच “आय ॲम गो”, “आय ॲम लिव्ह इन पुणे” म्हणतात. कितीदा सुधारलं तरी ‘ॲम’ जात नाही. — एक वाचक, चिंचवड

उत्तर : हा ‘ॲम’ तीन वाटांनी येतो. एक, पहिल्याच धड्यात “आय ॲम अमुक” घोकलेलं असतं, त्यामुळे ‘आय ॲम’ हा एकच शब्द वाटतो. दोन, “मी जात आहे”, “मी राहत आहे” यातला ‘आहे’ मनात असतो. तीन, आणि हे महत्त्वाचं, मराठीचा ‘नाही’ दोन्हीकडे चालतो : “मी डॉक्टर नाही” आणि “मी जात नाही”. इंग्रजीत पहिल्याला “आय ॲम नॉट” लागतं आणि दुसऱ्याला “आय डोंट”. ही फोड मराठी कानाला ऐकूच येत नाही.

म्हणून सुधारणा नकारापासून सुरू करा. वर्गाचे दोन कोपरे करा, एक ‘ॲम’चा, दुसरा ‘डू’चा. तुम्ही मराठी वाक्य म्हणा, प्रत्येकाने योग्य कोपऱ्यात जायचं आणि तिथून नकारी इंग्रजी वाक्य म्हणायचं. मी घरी नाही : “आय ॲम नॉट ॲट होम.” मी मांस खात नाही : “आय डोंट ईट मीट.” वीस वाक्यं झाल्यावर तीच होकारी करून घ्या. ‘डोंट’ काढला की “आय ईट” उरतं. तिथे ‘ॲम’ शिरायला जागाच राहत नाही.

फसवी वाक्यं राखून ठेवा आणि शेवटी काढा. “मी दमले”, “मी घाबरले” यांत मराठीत क्रियापद आहे, पण इंग्रजीत “आय ॲम टायर्ड”, “आय ॲम स्केअर्ड”. उलट “मला आठवतंय” म्हणजे “आय रिमेंबर”, तिथे ‘ॲम’ नाही.

तिसऱ्या पुरुषाचा ‘स’ याच काळात आला तर घ्या, पण त्यावर रुसून बसू नका. “शी वर्क इन अ बँक” हे चुकीचं असलं तरी समजतं. आपल्या शिकणाऱ्यांना इतकं मात्र सांगा की जातो, जाते, जातोस, जातेस, जाता, जातात एवढी रूपं ते न चुकता वापरतात. इंग्रजीत त्यांच्या जागी दोनच आहेत, ‘गो’ आणि ‘गोज’. हे ऐकून वर्गाचा धीर वाढतो.

प्रश्न : संयुक्त वाक्य शिकवताना उभयान्वयी अव्ययं कोणत्या क्रमाने घ्यावीत? पुस्तकात सात दिली आहेत. — एक वाचक, नांदेड

उत्तर : पुस्तकातली सात म्हणजे फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, यट, सो. बोलायला चार लागतात : अँड, बट, सो, ऑर, आणि याच क्रमाने. ‘यट’ आणि ‘नॉर’ वाचताना ओळखता आले म्हणजे झालं. ‘कारण’ या अर्थाचा ‘फॉर’ आज कोणी बोलत नाही. तो शिकवलात तर ‘साठी’वाल्या ‘फॉर’शी गोंधळ होईल.

आपल्या मराठी व्याकरणात समुच्चयबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक, विकल्पबोधक असे गट आहेतच : आणि, पण, म्हणून, किंवा. कल्पना जुनीच आहे, फक्त शब्द नवे आहेत. म्हणून व्याख्या नका सांगू; जोडायला दोन वाक्यं द्या. प्रत्येकाकडे स्वतःची दोन साधी, बरोबर वाक्यं हवीत. अर्धं वाक्य घेऊन जोड शिकवायला गेलात तर दोन्ही बिघडतात आणि चूक नेमकी कुठे आहे ते शिकणाऱ्याला कळत नाही.

‘बट’साठी दर वेळी एक अपेक्षा आणि एक भंग द्या : “आय वेंट टू द बँक, बट इट वॉज क्लोज्ड.” “द साडी इज नाइस, बट इट इज कॉस्टली.” ‘सुशीला पुण्यात राहते पण रमेश नाशिकला राहतो’ अशी वाक्यं टाळा. त्यात भंग काय आहे ते कळत नाही आणि मग ‘बट’ आणि ‘अँड’ एकसारखेच वाटू लागतात. इथे एक सावधगिरी. “तो आला, मी पण आलो” यातला ‘पण’ जोडणारा नाही, तो ‘सुद्धा’ आहे. घाईत “आय बट केम” असं येतं. त्याला “आय ऑल्सो केम” किंवा नुसतं “मी टू” द्या.

‘सो’ आणि ‘बिकॉज’ जोडीने शिकवा. पुस्तकात ‘बिकॉज’ मिश्र वाक्याच्या धड्यात, खूप पुढे असतो. पण प्रौढाला पहिल्या महिन्यातच ‘का नाही आलात?’ याचं उत्तर द्यावं लागतं. युरोपात कौन्सिल ऑफ युरोपने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या भाषा-पातळ्यांतही ‘बिकॉज’ दुसऱ्याच पायरीवर, ‘अँड’ आणि ‘बट’च्या सोबत येतो. शिवाय मराठीचा क्रम इथे आपल्या बाजूने आहे. “बरं नव्हतं म्हणून आले नाही” : “आय वॉज नॉट वेल, सो आय डिडंट कम.” “आले नाही कारण बरं नव्हतं” : “आय डिडंट कम बिकॉज आय वॉज नॉट वेल.” दोन्हीकडे वाक्यांची मांडणी मराठीसारखीच राहते. एका कागदावर कारण, दुसऱ्यावर परिणाम लिहा. दोन माणसं कागद घेऊन उभी राहतील, तिसरा मधे ‘सो’ घेऊन येईल. मग दोघं जागा बदलतील आणि ‘बिकॉज’ येईल. दहा जोड्या अशा केल्या की ‘सो’च्या जागी ‘बिकॉज’ आणि उलट होणारी गफलत बरीच थांबते. “व्हाय बिकॉज” ऐकू आलं तर ‘व्हाय’ तेवढा काढून टाका.

आणखी एक जुनी खोड : “दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट.” ही ‘जरी–तरी’ची देण आहे. मराठीत अशा ठिकाणी दोन्ही वाक्यांना खूण लागते, इंग्रजीत एकच पुरते. ‘ॲज… सो’ हीसुद्धा तीच गोष्ट. दोन वाक्यं, एक जोड, एवढं सांगितलं की कळतं. खरं तर ‘दो’ या टप्प्यावर शिकवूच नये. ‘बट’ने सगळं काम भागतं.

प्रश्न : “मी उठून, आंघोळ करून, डबा भरून कामावर गेले” हे इंग्रजीत सांगताना माझ्या विद्यार्थिनी हमखास अडतात. “आय गेट अप, बाथ, फिल टिफिन अँड वेंट” असं काहीतरी होतं. हे कसं सोडवावं? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मराठी माणसाच्या इंग्रजीतली ही सगळ्यात खोल अडचण आहे. संयुक्त वाक्याच्या वर्गातला निम्मा वेळ तिला द्यावा असं आमचं ठाम मत आहे.

मराठीत ‘ऊन’ लावलेल्या क्रियापदांना काळ नसतो. काळ फक्त शेवटच्या ‘गेले’वर असतो आणि तो मागच्या सगळ्यांना पुरतो. उठून, करून, भरून ही रूपं ‘गेले’ला लागतात, ‘जाते’ला लागतात, ‘जाईन’लाही लागतात. इंग्रजी बोलताना विद्यार्थिनी नेमकं हेच करते : शेवटचं क्रियापद भूतकाळात टाकते आणि मागची कोरी सोडते. म्हणजे ती निष्काळजी नाही. ती मराठीचा नियम इमानाने पाळते आहे. इंग्रजीत ‘अँड’ने जोडलेल्या प्रत्येक क्रियापदाला आपला काळ स्वतः घ्यावा लागतो.

म्हणून दुरुस्ती इंग्रजीत नाही, मराठीत सुरू करा. ‘ऊन’ फोडा : “मी उठले. मी आंघोळ केली. मी डबा भरला. मी कामावर गेले.” आता चारही क्रियापदं मराठीतच भूतकाळात आली. ही पायरी गाळू नका, तोंडी करून घ्या. त्यानंतर चार इंग्रजी वाक्यं, प्रत्येकात ‘आय’ : “आय गॉट अप. आय हॅड अ बाथ. आय पॅक्ड माय टिफिन. आय वेंट टू वर्क.” मग दोन-दोन जोडा : “आय गॉट अप अँड आय हॅड अ बाथ.” ते सहज आलं की दुसरा ‘आय’ गाळायला सांगा : “आय गॉट अप अँड हॅड अ बाथ.” शेवटी चारांची साखळी : “आय गॉट अप, हॅड अ बाथ, पॅक्ड माय टिफिन अँड वेंट टू वर्क.” ‘अँड’ एकदाच, शेवटच्या क्रियापदाआधी.

यासाठी भूतकाळाची २० रूपं आधी पाठ हवीत : वेंट, केम, गॉट, हॅड, एट, ड्रँक, टुक, गेव्ह, सेड, टोल्ड, सॉ, बॉट, मेड, डिड, पेड, सेंट, सॅट, स्लेप्ट, ब्रॉट, लेफ्ट. रोज पाच, आधी ऐकून, मग लिहून.

साखळी जमली की काळ बदलून बघा. उद्या : “आय विल गेट अप, हॅव अ बाथ अँड गो टू वर्क.” इथे विद्यार्थिनी विचारतील की आता एकच ‘विल’ कसा चालतो. उत्तर सोपं आहे. ‘विल’ सुटा शब्द आहे, तो पुढच्या सगळ्यांना पुरतो. ‘गॉट’, ‘हॅड’मधला काळ क्रियापदाच्या अंगातच आहे, तो दुसऱ्याला उसना देता येत नाही. रोजच्या सवयीत तिसऱ्या पुरुषाचा ‘स’ही तसाच : “शी गेट्स अप, हॅज अ बाथ अँड गोज टू वर्क.” तिन्ही ठिकाणी हवा.

कर्ता बदलला तर मात्र दुसरा कर्ता गाळता येत नाही. “पाऊस पडून रस्ता खराब झाला” यात पडणारा पाऊस आणि खराब होणारा रस्ता. मराठीत ‘ऊन’ने भागतं, इंग्रजीत “इट रेन्ड, सो द रोड वॉज बॅड” अशी दोन पूर्ण वाक्यं लागतात. त्यामुळे ‘ऊन’ फोडल्यावर दर वेळी “कोण?” विचारायची सवय लावा. उत्तर तेच आलं तर गाळा, वेगळं आलं तर ठेवा.

प्रत्येक ‘ऊन’ म्हणजे ‘अँड’ नव्हे, हेही सांगावं लागतं. कसोटी एक : आधी काय झालं, मग काय झालं, असं सांगता येतं का? “पडून पाय मोडला” यात येतं : “शी फेल अँड ब्रोक हर लेग.” “उभं राहून जेवले” यात नाही, दोन्ही एकाच वेळी चाललं आहे, तिथे “आय एट स्टँडिंग अप”. “घेऊन ये” म्हणजे ‘टेक अँड कम’ नाही, सरळ “ब्रिंग”. “घेऊन जा” म्हणजे “टेक”. “येऊन तीन दिवस झाले” हे तर फिरवूनच सांगावं : “आय केम थ्री डेज अगो.” निघताना आपण “येते” किंवा “जाऊन येते” म्हणतो, त्याचं “गो अँड कम” करू नये, “सी यू” पुरे.

नकार हा शेवटचा अडथळा. “आय डिडंट वेंट” इथे भूतकाळ दोनदा आला. ‘डिड’ने काळ घेतला की क्रियापद मूळ रूपात परत जातं : “आय डिडंट गो.” साखळीत होकार आणि नकार एकत्र आले की ही चूक डोकं वर काढते : “आय वेंट टू द शॉप, बट आय डिडंट बाय एनीथिंग.” अशी दहा वाक्यं मुद्दाम करून घ्या, एका बाजूला भूतकाळाचं रूप आणि दुसऱ्या बाजूला ‘डिडंट’.

प्रश्न : “सीता अँड गीता वेंट होम” हे केवल वाक्य की संयुक्त? ‘अँड’ आहे म्हणून संयुक्त म्हणावं का? — शिक्षक पदविकेची विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : केवल. ‘अँड’ने दोन नावं जोडली आहेत, दोन वाक्यं नाहीत, क्रियापद एकच आहे. “सीता वेंट होम, अँड गीता स्टेड बॅक” हे संयुक्त. मधलं रूप म्हणजे “सीता केम अँड सॅट” : कर्ता एक, क्रियापदं दोन. आजच्या इंग्रजी व्याकरणात बहुधा याला केवल वाक्यच धरतात, पण शालेय पुस्तकांत कर्ता गाळलेलं संयुक्त वाक्य मानण्याचीही पद्धत आहे. परीक्षेत तुमच्या पुस्तकाप्रमाणे लिहा. प्रौढांच्या वर्गात हा वाद आणू नका.

प्रश्न : बोलताना बरं जमतं, पण लिहायला सांगितलं की पानभर एकच वाक्य होतं. ना पूर्णविराम, ना कॅपिटल. — एक वाचक, मडगाव

उत्तर : देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीत. वाक्य सुरू झाल्याची खूण मराठी डोळ्याला कधी लागलेलीच नसते. त्यामुळे “कॅपिटल लिहा” हा नियम डोक्यात जातो, हातात उतरत नाही. नियम सांगण्याऐवजी तपासायला लावा. लिहून झालं की विद्यार्थ्याने पेन्सिलने प्रत्येक पूर्ण क्रियापदाखाली रेघ मारायची आणि त्याच्या कर्त्याभोवती गोल करायचा. मग दोन रेघांच्या मध्ये अँड, बट, सो, ऑर किंवा बिकॉज आहे का ते बघायचं. असेल तर ठीक. नसेल तर तिथे पूर्णविराम द्यायचा आणि पुढचं अक्षर मोठं करायचं.

उदाहरण : “आय वेंट टू द मार्केट, द प्राइस वॉज हाय, आय केम बॅक.” तीन रेघा, तीन गोल, जोड एकही नाही, नुसते स्वल्पविराम. मराठीत असं लिहिलेलं खपून जातं. इंग्रजीत स्वल्पविराम एकट्याने दोन पूर्ण वाक्यं धरून ठेवू शकत नाही. दुरुस्त वाक्य : “आय वेंट टू द मार्केट. द प्राइस वॉज हाय, सो आय केम बॅक.” ‘सो’, ‘बट’, ‘अँड’ने दोन पूर्ण वाक्यं जोडली की आधी स्वल्पविराम, अगदी छोटी असतील तर नाही दिला तरी चालतं. दुसरा कर्ता गाळलेला असेल तर सहसा देत नाहीत. ‘बिकॉज’च्या आधीही बहुधा लागत नाही.

मोबाइलवर लिहिणाऱ्यांना एक इशारा : फोन बऱ्याचदा मोठं अक्षर आपोआप देतो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी कागदावर लिहून घ्या. पाच ओळी पुरेत.

प्रश्न : चूक दाखवली की वयस्क विद्यार्थी गप्प होतात, आणि नाही दाखवली तर चूक पक्की होते. किती सुधारावं? — एक वाचक, ठाणे

उत्तर : एका तासाला एकच चूक. वर्ग सुरू होताना जाहीर करा : “आज कर्ता गाळायचा नाही.” त्या तासात फक्त तीच थांबवा, बाकी जाऊ द्या. बोलणाऱ्याला मधे तोडू नका. त्याचं वाक्य पूर्ण झाल्यावर तेच वाक्य बरोबर करून संभाषणातच परत म्हणा. तो म्हणाला “यस्टरडे गो टू हॉस्पिटल”, तर तुम्ही “ओ, यू वेंट टू द हॉस्पिटल यस्टरडे? व्हाय?” बहुतेक जण उत्तर देताना ‘वेंट’ उचलतात.

तासाच्या शेवटच्या दहा मिनिटांत ऐकलेली पाच चुकीची वाक्यं फळ्यावर लिहा, कोणाची ते न सांगता. दोघांदोघांनी मिळून ती सुधारायची. आपलं वाक्य कोणतं ते ज्याचं त्याला कळतं, इतरांना कळायची गरज नाही. सून किंवा शेजारीण त्याच वर्गात असेल तर जोडी लावताना त्यांना एकत्र बसवू नका.

१९९९–२००० पर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांना इंग्रजी पाचवीत भेटलं. पहिलीपासूनचं इंग्रजी महाराष्ट्रात २००० साली आलं. पंचेचाळिशीच्या पुढच्या अनेकांना ‘इंग्रजीने दहावी अडवली’ ही आठवण अजून टोचते. त्यामुळे वहीवर लाल शाई वापरू नका आणि पहिले तीन महिने गुण देऊ नका.

प्रश्न : वहीत इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहू द्यावीत का? — एक वाचक, अकोला

उत्तर : ज्यांना इंग्रजी अक्षरं झरझर वाचता येत नाहीत त्यांना सुरुवातीला द्या, नाहीतर वाक्याकडे लक्ष न राहता सगळी शक्ती अक्षरं लावण्यात जाते. एक ओळ इंग्रजी, तिच्याखाली देवनागरी अशी पद्धत ठेवा. दीड-दोन महिन्यांनी देवनागरीची ओळ फक्त नव्या शब्दांपुरती ठेवा. ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’, ‘पेन’ आणि ‘पेइन’ यांतले फरक देवनागरीत नीट उतरत नाहीत. ते ऐकवूनच शिकवा.

प्रश्न : आईबाबा सहा आठवड्यांनी मुलाकडे अमेरिकेला जाणार आहेत. दोघांचं शिक्षण मराठीत झालंय. एवढ्या वेळात काय करून घेऊ? — एक वाचक, सांगली

उत्तर : रोज अर्धा तास धरा. पहिल्या दोन आठवड्यांत साधं वाक्य, तेही फक्त स्वतःविषयी : “आय ॲम व्हिजिटिंग माय सन. ही लिव्ह्ज इन डॅलस. आय ॲम स्टेइंग फॉर थ्री मंथ्स. आय ॲम रिटायर्ड.” गाव आणि मुदत त्यांच्या तिकिटाप्रमाणे घाला. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला छोटी, स्वतंत्र वाक्यं लवकर कळतात. तिथे जोडायचा मोह नको. विचारलं तेवढंच सांगायचं. समजलं नाही तर “सॉरी, आय डिडंट अंडरस्टँड. प्लीज स्पीक स्लोली.” हे न अडखळता यायला हवं.

तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात ‘बट’ आणि ‘सो’. दुकानात आणि शेजाऱ्यांशी बोलताना तेच लागतात : “आय लाइक दिस, बट इट इज टू बिग.” “आय डोंट ईट मीट, सो प्लीज चेक.” औषधांविषयीची वाक्यं याच दिवसांत घ्या, म्हणजे डॉक्टरकडे जाण्याआधी ती तोंडात बसतील : “आय टेक दिस टॅब्लेट फॉर ब्लड प्रेशर.” “आय टेक इट इन द मॉर्निंग, आफ्टर ब्रेकफास्ट.”

पाचव्या आठवड्यात कालचा दिवस सांगायचा सराव, वर कोल्हापूरच्या उत्तरात दिलेल्या ‘ऊन’ फोडायच्या पद्धतीने. नातवंडांशी बोलायला हाच उपयोगी पडतो, कारण मुलं “व्हॉट डिड यू डू टुडे?” असं विचारतात. सहाव्या आठवड्यात नवं काही नको. मुलाला फोन लावून दहा मिनिटं फक्त इंग्रजीत, एक दिवस आई, एक दिवस बाबा. एकाच्या बोलण्यात दुसऱ्याने सुधारणा करायची नाही, एवढं दोघांना आधीच सांगून ठेवा.